दोरा म्याच वळला व्हता

मास्तरांनी वकिलांच्या मुलीच्या मनगटाला गंडा बांधला, तवा तंबोरा माज्या मांडीवर व्हता. भोरात, वकिलांच्या ओसरीवर, भरल्या बैठकीत. तिच्या तोंडात गूळ-चणे घातले. मग माज्याकडं बघून म्हणाले, "पोरी, तंबोरा नीट छेड. लक्ष कुठं आहे तुझं?"

लक्ष त्या दोऱ्यावर व्हतं. त्यो दोरा म्या वळला व्हता.

आदल्या दिवशी मास्तरच म्हणाले व्हते, "दोरा वळून ठेव. उद्या गंडा आहे." गंडा म्हंजे गुरूनं शिष्याला आपलं म्हणायची खूण. मला वाटलं, माजाच. का वाटू नये? आठ वर्सं झाली व्हती. पालीच्या वरल्या वाडीतली आमी, मेंढरं राखणारी माणसं. मेंढरांना हाळी घालताना माजा आवाज ऐकून मास्तरांनी मला नाटक कंपनीत आणलं. म्हणाले, "गंडा बांधीन, नायिका करीन." म्या त्यांची धोतरं धुतली, पाणी भरलं. पेटी शिकले. दासीची कामं केली, सखीची केली. विंगेत बसून नायिकेची समदी पदं पाठ केली. दर गुरुपौर्णिमेला म्हणायचे, "पुढल्या वर्षी." खुळी मी. त्यांना बापासारखं मानत व्हते.

आन माजा खरा बाप अंगणात उभा व्हता. म्याच सांगावा धाडला व्हता, "आबा, गंडा हाय, या." गुरूला द्यायला नवं घोंगडं घेऊन आबा रातोरात डोंगर उतरून चालत आले. मास्तरांनी घोंगडं ठिवून घेतलं. "पेटीवर घालायला बरं झालं," म्हणाले. आबा मला म्हणाले, "हात दाव की गं." म्या हात पदराखाली लपवला. लई लाज वाटली त्या दिशी.

बैठक उठल्यावर म्या मास्तरांना इचारलं. ते हसले. "नायिका कुलीन घरातली हवी. आता जाहिरातीत तसंच छापतात. पण तिचा गळा वर जात नाही. वरची जागा तू विंगेतून गायची. ती नुसतं तोंड हलवील. हे बाहेर बोलायचं नाही."

म्हंजे गळा माजा चालत व्हता. मनगट चालत नव्हतं.

रविवारी दुपारी खेळ. थेटर गच्च. खेळ बघायला थांबलेले आबा सगळ्यात मागं, जमिनीवर बसलेले. मी विंगेत, पेटीवर. पद चढत चढत वरच्या जागेला आलं. तिनं तोंड उघडलं. म्या मिटलं. पेटीबी थांबवली.

मास्तर दात-ओठ खात म्हणाले, "गा गं."

मी म्हणाले, "गंडा जिच्या हाताला, तिनं गावं."

ती पोर तशीच आ वासून उभी. मागनं शिट्ट्या सुरू झाल्या. तिची कीव आली, खोटं कशाला बोलू? तिलाबी त्यांनीच फशी पाडलं व्हतं. पण मी गायले न्हाई. पेटीवरचं घोंगडं खांद्यावर टाकलं, खाली उतरले आन समद्या लोकांमधनं चालत आबांपाशी गेले. हात म्होरं केला. "बघा आबा. रिकामाच हाय."

आबांनी घोंगडं माज्या खांद्यावर नीट केलं आन म्हणाले, "चल."

पुढं मी दुसऱ्या कंपनीत नायिका झाले. पेटी रंगमंचावर, लोकांच्या डोळ्यांम्होरं ठिवून गायले. आता मास्तर सांगत फिरतात, ती माझीच शिष्या. कुणी खरं-खोटं करायला आलं की मी मनगट दावते. हितं कुणाचाच दोरा न्हाई. आन मेले तरी पडद्यामागनं गाणार न्हाई.