नमुना आणि ढीग

“नमुना मेला ना, मग आता ऑपरेशन कशाला?” बळवंतराव फोनवर म्हणाले होते.

अल्पनाला वाटलं, काका गंमत करतायत. ती हसली.

धारचे बळवंतराव बदनावरच्या मंडीत जन्मभर सोयाबीन पारखत आले. पोत्यात परखीची पोकळ सळी खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा, भाव सांगायचा. त्या मुठीवर अख्खा ढीग विकला जायचा. गालात गाठ निघाली तेव्हा तपासणीला काढलेल्या तुकड्यातला थोडा अंश त्यांनी आपणहून पुतणीला देऊ केला. अल्पना देवासच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवते आणि त्यांच्यावर औषधं करून पाहते. एका औषधाने काकांच्या पेशी मेल्या. तिने आनंदाने तेवढंच कळवलं. काकांनी सौदा झाला असं धरलं आणि इंदूरची ऑपरेशनची तारीख सोडून दिली. घरात कुणाला ते पटत नव्हतं, पण मंडीतल्या माणसाशी नमुन्यावरून कोण भांडणार?

उन्हाळा गेला. गाठ जबड्यात उतरली. आता कापता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. तेव्हा काका देवासला आले. गळ्याभोवती टॉवेल, तोंड अर्धंच उघडणारं.

“दे औषध.”

“काका, काचेत चालतं ते अंगात चालेल असं नसतं. पेशी मरतील तेवढं दिलं तर आधी लिव्हर जाईल.”

“नमुना एक अन् माल दुसरा निघाला, तर मंडीत उभं करत नाहीत, बेटा.”

अल्पना बाटल्यांच्या कपाटाकडे वळली.

“दाखव तरी.”

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. आधी मेलेल्या पेशी, आक्रसलेल्या, विखुरलेल्या, भुश्शासारख्या. मग दुसरी बाटली. तिथे पेशींना जागा उरली नव्हती.

“या कुणाच्या?”

“तुमच्याच. यांना औषध दिलं नाही. तुलनेला ठेवल्यात.”

“पाणी पिवळं पडलंय.”

“खाणं संपत आलंय त्यांचं. बदलायचंय.”

“मग बदल की. उपाशी काय ठेवतेस?”

सकाळपासून त्यांच्या स्वतःच्या घशाखाली घोटभरच ताक उतरलं होतं.

अल्पनाने पिवळं पाणी काढलं, ताजं लाल घातलं. थेंबही सांडला नाही. काका बघत राहिले. दाणे घ्यायला धरावा तसा त्यांचा उजवा तळहात पुढे आलेला होता. त्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी तो टॉवेलला पुसला आणि ते बाहेर पडले.