उरलेली सात गांडुळं

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी माझी विद्यार्थिनी सुषमा गांडुळांवर तणनाशकाचा काय परिणाम होतो ते बघत होती. रोज दुपारी ती एकेकाला काडीने हळूच स्पर्श करायची आणि ते हललं नाही की वहीत 'मृत' असं लिहायची. मी शेजारी बसून बघायचे. इतकी वर्षं असे प्रकल्प तपासून मी थकले होते. मेलेल्यांचा आकडा आता नुसता आकडा वाटायचा.

प्रयोग संपला तेव्हा सात गांडुळं जिवंत होती.

"मॅडम, यांचं काय करू?"

"घरी ने. शेतात सोड."

ती म्हणाली, "शेतात आम्ही हेच औषध मारतो. ही बाटली बाबांकडूनच आणलीये."

औषध! तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मला हा शब्द कधी खटकला नव्हता.

आम्ही दोघी प्रयोगशाळेमागच्या जास्वंदीपाशी गेलो. ओल्या मातीवर गांडुळं बराच वेळ निपचित पडून होती. मग एक वळवळलं आणि आत शिरलं. पुढच्या तासाची घंटा झाली, तरी शेवटचं दिसेनासं होईपर्यंत आम्ही तिथेच उकिडव्या बसून राहिलो.