टोपण कोण धरीन?

खुशालराव फोटोवाल्याइतका विसराळू माणूस मी उभ्या वऱ्हाडात पाहिला नाही. मी नत्थुजी माळी, हारवाला. अमरावतीत देवीच्या वाटेवर माझं फुलांचं दुकान. जिथे लग्न तिथे हार आणि जिथे हार तिथे फोटो, म्हणून वलगाव काय, भातकुली काय, बैलांच्या एकाच दमणीत बसून आम्ही कितीदा गेलो असू. खुशालरावची बायको वच्छलाही सोबत असायची. लोक नाकं मुरडायचे, बाईमाणूस गावोगाव काय हिंडवतो म्हणून. अरे, पण ती नसती तर या बाबाचा एक फोटो धड निघाला नसता!

त्याचा कॅमेरा जुना, तीन पायांवर उभा राहणारा, कुण्या साहेबाच्या अडगळीतून घेतलेला. त्याला दाबायची कळच नव्हती. भिंगावरचं टोपण काढलं की उजेड आत काचेवर जाणार, टोपण लावलं की फोटो झाला. सगळा खेळ त्या टोपणावर, आणि नेमकं तेच हा दिवटा हरवायचा. एक चिखलदऱ्याला दरीत घरंगळलं. एक वलगावच्या मांडवात कुठे गेलं, देव जाणे. कधी याच्याच खिशात असायचं आणि हा सतरंज्या उचलून शोधायचा. "काखेत कळसा अन् गावाले वळसा!" मी ओरडायचो, की मांडवातली माणसं पोट धरून हसायची. शेवटी वैतागून त्यानं अकोल्याच्या तांबटाकडून पितळेचं टोपण करून आणलं, आतून मखमल लावलेलं, आणि ते वच्छलाच्या हाती दिलं.

तेव्हापासून टोपण तिचं. मखमलीला धूळ लागू नये म्हणून ती ते चिंधीत गुंडाळायची आणि पदराच्या टोकाला गच्च गाठ मारायची. फोटोच्या वेळी कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभी राहायची. हा टोपण काढून, न बघताच, हात बाजूला करायचा. ती ते घ्यायची, तोंडातल्या तोंडात आकडे मोजायची आणि वेळ झाली की परत याच्या तळहातावर ठेवायची. मोजायचं तिनं, लावायचं यानं. नवरदेव-नवरी सोडून मी त्या दोघांकडेच बघत बसायचो.

एकदा भातकुलीहून परतताना ती दमणीत म्हणाली, "अवो, सगळ्या दुनियेचे काढता. माहाबी काढा ना एक फोटो."

"काढतो ना. पण मंग टोपण कोण धरीन?"

ती खूप हसली. पुढेही केव्हातरी विषय निघायचा आणि तेच उत्तर मिळायचं. पोरबाळ नव्हतं, घाई कसलीच नव्हती. फोटो काय, कधीही निघाला असता.

मग मानमोडीचं साल आलं. कसला तो ताप! संध्याकाळी बोललेलं माणूस सकाळी नाही. माझ्या दुकानातली फुलं लग्नाला जायची बंद झाली, सगळी तिरडीवरच जायला लागली. त्यातच वच्छला पडली आणि उठलीच नाही.

मी हार घेऊन गेलो तेव्हा शेजारच्या गोदाबाईनं तिला आंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं आणि ती तशीच घरी पळाली होती. तिचीही सून तापानं फणफणत होती. अंगणात तिरडी तयार. खांदेकरी कसेबसे चार जमलेले, आणि त्यांना पुढच्या गल्लीतलंही एक मयत न्यायचं होतं.

खुशालराव रडत नव्हता. कॅमेरा उभा करत होता.

"नत्थुजी, एक फोटो काढतो, मंग न्या," तो म्हणाला. "तिचा एकबी नाई माह्यापाशी."

आणि टोपण नव्हतं. मागल्या खेपेला भिंगावर नुसतं फडकं बांधून ठेवलेलं. तो धावत मोरीत गेला, तिचं जुनं लुगडं उचललं, पदर चाचपला. पदर रिकामा, नुसत्या गाठीच्या चुण्या. मग त्यानं पेटी उपसली, गादी झटकली, चुलीमागे हात घातला. "आत्ता तं होतं तिच्यापाशी! कुठी ठेवलं असन?" म्हणत तो तिच्याजवळूनच इकडून तिकडे जात होता. मीही शोधलं. माझ्या तोंडात ती म्हण येऊ बघत होती आणि मी दात आवळून धरले होते.

"खुशालराव, उचलू द्या आता," एक खांदेकरी म्हणाला. "ऊन चढून राहिलं."

तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तीच भिंगावर धरली. काच आत बसवली. चांगली युक्ती होती, निघाला असता फोटो. त्यानं टोपी बाजूला केली आणि सवयीनं, न बघता, डावीकडे हात लांब केला आणि टोपी सोडली. टोपी मातीत पडली. हा तसाच उभा, हात पसरलेला, तळहात वर. कोणी मोजेल आणि कोणी परत देईल म्हणून वाट बघत. मला कळलं तेव्हा मी झेप घेऊन भिंगावर हात ठेवला, पण उजेड केव्हाच भरून गेला होता. धुतल्यावर काच जास्तीच्या उजेडानं काळीठिक्कर निघाली. त्यात वच्छला नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला गेलो. वर पाणी शिंपडलं, हाडं वेचायला लागलो, तर खुशालरावच्या बोटांना पितळेचं टोपण लागलं. वाकडं झालेलं, मखमल जळून गेलेली.

घरी येऊन मी गोदाबाईला विचारलं. बिचारी धायमोकलून रडली. "जुन्या पदरात चिंधीत काही बांधलेलं होतं बापा. गोल लागलं हाताले. म्या समजली, लेकरासाठी देवीले बोललेल्या नवसाची खोबऱ्याची वाटी असन. नवस फेडल्याबिगर चिंधी उघडू नाई. तशीच नव्या पदरात बांधली."

देवा रे! आम्ही घर पालथं घालत होतो आणि ते तिच्या अंगावर, त्याच्यासमोर होतं.

पण हे नंतरचं. तिथे मसणात खुशालराव ते टोपण अंगठ्यानं पुसत बसला होता. मी म्हटलं, "ठेवून घ्या. तिची आठवण आहे."

त्यानं मान हलवली. अस्थींचं गाठोडं सोडलं, टोपण आत सरकवलं आणि पुन्हा घट्ट गाठ मारली.

"तूच ठेव वो," तो गाठोड्याला म्हणाला. "मी हरवीन."