बेसिनवरचा काळा डबा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा सरकारी ऑफिसात ड्रायव्हर आहेत. दंतवैद्यकाची जाड पुस्तकं दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा आईने देवघराखालचा कप्पा त्यांच्यासाठी रिकामा केला होता. चौथ्या वर्षी परीक्षेआधी तोंड तपासायचा सराव हवा होता. बाबा काही तोंड उघडेनात, म्हणून आईला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं.

आधी फॉर्म भरायचा असतो. 'तंबाखूची सवय' या ओळीपुढे मी न विचारताच 'नाही' लिहिलं. स्वतःच्या आईला ते काय विचारायचं?

"चला डॉक्टरीणबाई, लवकर. कुकर लावलाय."

गाल, जीभ, टाळू असं क्रमाने बघत गेले. खालचा ओठ ओढला, तर ओठ आणि हिरडीमधल्या खाचेत नखाएवढा पांढुरका, सुरकुतलेला चट्टा होता. गॉजने पुसला. गेला नाही. पुन्हा पुसला.

"दुखतंय?"

"नाही गं. काय आहे?"

"काही नाही," मी म्हणाले. बुरशीचा थर असता तर पुसला गेला असता. न पुसला जाणारा असा चट्टा पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, हे मला पाठ होतं. सगळेच जात नाहीत, हेही पाठ होतं. पण त्या दुपारी पहिलंच वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

दोन दिवसांनी तिला कॉलेजच्या ओपीडीत नेलं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी चट्टा पाहिला आणि विचारलं, "तंबाकू, गुटखा, सुपारी, कुछ लेती हैं?"

आई ताठ बसली. "छी, बिल्कुल नहीं! हमारे घर में कोई हाथ भी नहीं लगाता."

"कुछ तो रखती होंगी वहाँ," मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या.

तेव्हा मला आमच्या बेसिनवरचा डबा आठवला. मावशी गावाहून पाठवते ती मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच ती. आई लग्नाआधीपासून सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावते. लहानपणापासून मी माझा ब्रश त्याच डब्याशेजारी ठेवत आले. आमच्या लेखी ती तंबाखू नव्हतीच, दात घासायची पूड होती.

मॅडमसमोर आईला खोटं पाडायचं जिवावर आलं. तरी म्हणाले, "मॅडम, माँ मशेरी लगाती हैं." त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. कशी करतात ते मी सांगितलं.

"अगं, ती काय तंबाखू आहे?" आई मराठीत पुटपुटली. "दात घासते मी. चारचौघांत लाज काढलीस."

"आई, फॉर्मवर मीही 'नाही'च लिहिलं होतं."

बरोबर आणलेल्या त्याच फॉर्मवरचं 'नाही' खोडून मी लिहिलं: मशेरी, रोज दोनदा, पंचवीसेक वर्षं. चट्टा पट्टीने मोजला, फोटो काढला. परतताना मेट्रोत आई माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डबा कचऱ्यात होता आणि ती बाबांची टूथपेस्ट बोटावर घेऊन वैतागली होती. "याने तोंड धुतल्यासारखं वाटतच नाही."

दोन आठवड्यांनी चट्टा थोडा फिकट झाला होता, पण गेला नव्हता. मग ओठ बधिर करून त्याचा बारीक तुकडा तपासायला घेतला. सुईच्या वेळी आईने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

रिपोर्ट आला. पेशींमध्ये हलके, सुरुवातीचे बदल. कर्करोग नाही. "अच्छा हुआ अभी पकड़ लिया," मॅडम म्हणाल्या. मशेरी कायमची बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. पुढे बदल वाढले तर वेळेत कळेल. एवढी खात्री मला पुरेशी वाटली. आता ओपीडीत तंबाखूच्या आधी मी प्रत्येकाला दात कशाने घासता, ते विचारते.

त्या रविवारी आईने मावशीला फोन लावला. "मशेरी पाठवू नकोस. आणि तुझाही ओठ ओढून बघ, पांढरं काही दिसतंय का."

"माझा कशाला?" स्पीकरवर मावशी फणकारली. "मी कुठे तंबाखू खाते?"

"मीही हेच म्हणाले होते," आई म्हणाली. "आत्ता आरसा घेऊन खिडकीपाशी जा. मी फोन धरून आहे."