भुरीच्या पोथीला मी जोडलेलं पान

माझा मित्र दामोदर गेल्याची बातमी मला, निवृत्तीनंतर मी राहतो त्या शेलूबाजारच्या बाजारात कळली. वाशीमच्या जिनिंगमध्ये कापूस टाकून परतणाऱ्या एका गाडीवानाने बैल थांबवले, मला ओळखलं आणि खाली न उतरताच म्हणाला, "मास्तर, तुमचे दामूअन्ना गेले ना... तुमाले मालूम नाई का?" मी नाही म्हणालो. हातात मेथीची जुडी होती, ती मी तशीच समोरच्या बाईच्या पाटीत परत ठेवली. वाशीमला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगण सारवून वाळलं होतं आणि राधावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "भाऊजी, दोन दिस आधी तुमची आठवन काढली होती त्याहीनं." काय म्हणाला, असं विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. तो गेल्यावर वर्तमानपत्राच्या या पुरवणीत त्याच्याविषयी चार ओळी आल्या. एक मोठी कादंबरी लिहिलेले, पण तिच्या शेवटाबाबत स्वतःच डळमळीत असलेले लेखक, असं त्यांत म्हटलं होतं. लिहिणाऱ्याचा दोष नाही, वाशीममध्ये वीसेक वर्षं हेच बोललं जात आहे. दामू डळमळीत नव्हता. काय झालं होतं ते माझ्याखेरीज दोघांनाच माहीत होतं. त्यांतला एक गेला आणि दुसऱ्या राधावहिनी. त्या बोलायच्या नाहीत. माझी सत्तरी उलटली आहे, म्हणून मी लिहितो आहे.

दामू जिनिंगमध्ये कारकून होता आणि मी मराठी शाळेत मास्तर. दिवसभर कापसाच्या गाड्यांची वजनं लिहायची आणि घरी येऊन कादंबरी लिहायची, असं त्याने कित्येक वर्षं केलं. त्याच्या केसांत आणि भुवयांत कायम कापसाचे तंतू अडकलेले असत. कशाविषयी लिहितोस, असं विचारलं की म्हणायचा, "कुत्र्यायविषयी." लोकांना ती थट्टा वाटायची. पुस्तक पुण्याहून छापून आलं तेव्हा ते उशीएवढं जाड होतं, नाव 'वेशीवरची भुरी'. एका गावात पिसाळलेलं कुत्रं एका लेकराला चावलं, गाव घाबरलं आणि पंचांनी सगळ्या कुत्र्यांना विष घालायचं ठरवलं, एवढीच गोष्ट. कुत्री परक्या हातचं खात नाहीत, म्हणून हे काम सदू जागल्यावर आलं, कारण वेशीवर रात्र काढताना त्यांना भाकरी घालणारा तोच होता. एकेका कुत्र्याचं एकेक प्रकरण, आणि त्या कुत्र्याच्या निमित्ताने एकेका घराचं. भुरी शेवटची.

त्या वर्षी चातुर्मासात वाचनालयाच्या ओसरीवर कुठली पोथी लावायची याची चर्चा चालू होती. आमच्याकडे पोथी वाचायला मलाच बोलावत. आवाज बरा होता आणि अक्षर न अक्षर जसंच्या तसं वाचतो, अशी माझी ख्याती होती. कुणीतरी म्हणालं, आपल्या गावच्या माणसानं एवढा ग्रंथ लिहिला, तोच लावा की. आणि खरंच तोच लागला. पहिल्या दिवशी बायांनी पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. आमच्या गावचे एक वकीलसाहेब तिथे उभे होते, ते मोठ्याने हसले. "कुत्र्यांच्या कादंबरीला हळदकुंकू! उद्या गाढवांची आली तर आरती कराल." दामूने श्रोत्यांत बसायला नकार दिला. म्हणाला, "मी समोर बसलो तर लोक माझ्या तोंडाकडं पायतीन. पुस्तकाकडं पायले पायजे."

लोक येतील की नाही याची मला धास्ती होती. पण ओसरी पुरेना. आणि प्रत्येकजण वेगळंच पुस्तक ऐकत होता, असं मला वाटायचं. कापडवाले उस्मानशेठ खांबाला टेकून बसत. ते एकदा म्हणाले, "मास्तरसाब, आमच्यात कुत्रं घरात घेत नाईत. पन हे आयकल्यापासून दुकानाच्या पायरीवर बसलेलं हाकलायले हात उठून नाई राह्यला." एक शेतकरी तावातावाने म्हणाला, "मानसं उपाशी मरून राह्यली अन् हा लेखक कुत्र्यायसाठी रडून राह्यला!" आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तोच येऊन बसला. शेतात राबणारी काशीबाई सदूला शिव्या घालायची, "मुडदा बशिवला त्याचा! नाई म्हनता येत नाई का?" यावर उस्मानशेठ म्हणत, "नाई म्हनला तर खाईल काय, काशीबाई? तू देशील का?" मग वाचन बाजूला राहून तिथेच भांडण लागायचं. वकीलसाहेबांनी घरी बसून पुस्तक वाचायला घेतलं होतं. त्यांचं मत, की कुत्र्यांच्या नावाखाली दामू पंचांना शिव्या देतो आहे. हे मी दामूला सांगितलं की तो नुसता हसायचा. इतकं सुखात मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं... नंतरही नाही.

समाप्तीचा दिवस आला. नारळ आले, साखर आली, बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. पोथीवाचनाची एक रीत आहे, ती या भागात सगळे पाळतात. वाचन कधी मरणावर थांबवायचं नाही. युद्धात कोणी पडला असा अध्याय संपत असेल तर वाचणारा पुढच्या दोन ओव्या वाचतो, काही मंगल येऊ देतो आणि मगच पोथी कापडात बांधतो. मी बसायच्या आधी काशीबाई जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, माह्यी सून आनली आज आयकायले. दिवस गेले हायेत तिले. मागचे दोन राह्यले नाईत. मरनावर पोथी ठिवू नका बरं." मागे तिची सून डोक्यावर पदर घेऊन बसली होती. पुढच्या ओव्या असतात त्या पोथीला. दामूच्या पुस्तकाला पुढे काहीच नव्हतं.

पुस्तकातला शेवट तीन वाक्यांचा आहे. सदू भुरीपुढे विषाची भाकरी धरतो. 'तिनं वास घेतला. एकदा त्याच्याकडे पाहिलं. आणि खाल्ली.' बस, एवढंच. मी पहिली दोन वाक्यं वाचली आणि मान वर केली. ती सून डोळे मिटून, पोटावर हात ठेवून ऐकत होती... माझ्या तोंडून निघालं, 'आणि तिनं तोंड फिरवलं.' मग मी थांबलो नाही. भुरी वेस ओलांडून नदीच्या काठाने चालत गेली, सकाळी पलीकडच्या गावच्या गुराख्यांना झुडपात तिची पिल्लं दिसली, सदूने काठी नदीत टाकली, असं मी बोलत गेलो. मध्येच पान उलटल्यासारखंही केलं. नारळ फुटला. उस्मानशेठ उपरण्याने डोळे पुसत होते. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अरे, दामूअन्ना भायेर उभे हायेत!" तो रस्त्यावर कडुनिंबाखाली उभा राहून ऐकत होता. लोकांनी त्याला ओढून आत आणलं, गळ्यात हार घातला. काशीबाईने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "जित्ती ठिवली रे बाबा तिले!" दामूने नारळ घेतला. जाताना माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "आज आवाज चांगला लागला तुह्या."

पुढे व्हायचं ते झालं. उस्मानशेठच्या दुकानात वकीलसाहेब म्हणाले, कुत्री मरते. शेठ म्हणाले, "आमी सगळ्याहीनं आपल्या कानानं आयकलं, वकीलसाब." पुस्तक आणलं गेलं, पान उघडलं गेलं. वकिलांनी निष्कर्ष काढला, की टाळ्या मिळाव्यात म्हणून लेखकानेच ओसरीसाठी वेगळा शेवट लिहून दिला. तसं त्यांनी एका साप्ताहिकात छापूनही आणलं. ज्याला स्वतःच्या शेवटावर उभं राहता येत नाही त्याचं पुस्तक कशाला वाचायचं, असं त्यात होतं. माझ्यावर कोणाचाच संशय गेला नाही. मी तर अक्षर न अक्षर वाचणारा! ते मला लागलं, पण त्याहून काशीबाईचं बोलणं जास्त लागलं. ती जिनिंगच्या फाटकात जाऊन दामूला म्हणाली, "आमाले कायले फसवलं? आमच्या तोंडावर गोड अन् पुस्तकात कडू. आमी काय लहान लेकरं हाओत का?" तिच्या सुनेला तोवर मुलगा झाला होता, चांगला धडधाकट. तरीही ती बोलली. दामू तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने माझं नाव घेतलं नाही.

मी त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. म्हणालो, मी सांगतो सगळ्यांना. तो म्हणाला, "सांगशील तं तुले पोथी वाचाले कोन बोलावीन? म्हनतीन, हा मनानं जोडते. तुले सांगावं वाटन तवा सांग." हे तो रागाने म्हणाला असता तर मी दुसऱ्या दिवशीच सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आलो. मी म्हणालो, "गुढीपाडवा होऊ दे." गुढीपाडवा झाला. पुढच्या चातुर्मासातही घरोघर मलाच पोथीला बोलावलं आणि मी गेलो. दामू कधी विचारायचा नाही. मी गेलो की चहा व्हायचा, कपाशीच्या गोष्टी व्हायच्या. बैलांवर एक मोठं पुस्तक लिहायचं त्याच्या मनात होतं, ते त्याने लिहिलं नाही. त्याला कारण मीच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे स्वतःला मोठं करून घेणं होईल. पण लिहीत का नाहीस, असं मी त्याला एकदाही विचारलं नाही. आता वाटतं, तेवढं तरी...

तेव्हा आज सांगतो. भुरी भाकरी खाते. दामूने एकच शेवट लिहिला आणि तो कधी बदलला नाही. नदी, पिल्लं, गुराखी, सगळं माझं. काशीबाई आता नाही. उस्मानशेठ आहेत, त्यांना ऐकू कमी येतं. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या कानाशी जाऊन ती तीन वाक्यं वाचली आणि नदीचं पान कोणी जोडलं तेही सांगितलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाले, "तिले मालूम होतं ना, मास्तरसाब?" मी म्हणालो, दामूने ते लिहिलेलं नाही, शेठ.

दुकानातून उठून मी दामूच्या घरी गेलो. दिवेलागणीची वेळ होती. या वेळेला उंबऱ्यावर बसून गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घालायची त्याची सवय होती. अंगणात एक पिवळट कुत्री येऊन बसली होती. राधावहिनींनी माझ्या हातात अर्धी भाकरी दिली. मी खाली वाकून तुकडा पुढे केला. कुत्रीने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि ती तशीच बसून राहिली. मी तुकडा जमिनीवर ठेवला, तरी ती हलली नाही.

"तसं नाई खात ते, भाऊजी," आतून वहिनी म्हणाल्या. "पुस्तक झालं तवापासून हे पयला घास आपन खायचे अन् मंग तिले द्यायचे. हिच्या आईलेही तसंच देयेत. तुमी आधी खाऊन दाखवा."

मी उंबऱ्यावर बसलो. भाकरी ज्वारीची होती, अजून कोमट होती. मी एक घास मोडून तोंडात घातला. कुत्री माझ्या तोंडाकडे पाहत थांबली होती.