एका सोल रेकॉर्डसाठी कवठे महांकाळपर्यंत

माझ्या नवऱ्याचं, नितीनचं, म्हणणं असं की लोक कवठे महांकाळला द्राक्षं आणायला जातात. अमेरिकेतलं गाणं आणायला तिकडे जाणारी बाई त्याच्या माहितीत एकच आहे आणि दुर्दैवानं ती त्याच्याच घरात राहते. तरी गाडी चालवायला तो तयार झाला, कारण वाटेत मिसळ होती.

मी सोल गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवते. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं, चर्चच्या भजनांतून निघून नाचाच्या हॉलपर्यंत पोचलेलं गाणं. त्यातही मला वेड आहे ते छोट्या, कधीच्या बुडालेल्या कंपन्यांच्या लहान तबकड्यांचं. डेट्रॉईटची अशीच एक रेकॉर्ड मी बारा वर्षं शोधत होते. गाणं मोबाइलवर पाठ झालं होतं, तबकडी काही हाताला लागत नव्हती. आणि डिसेंबरात माझ्या शिकवणीतल्या एका जुन्या विद्यार्थिनीनं, प्राजक्तानं, तिच्या गावाहून फोटो पाठवला. "मॅडम, तुमच्या कामाचं आहे का बघा. आमच्या लाऊडस्पीकरवाल्या तात्यांकडे आहे." तेच निळं लेबल! मी स्वयंपाकघरात एवढ्यांदा किंचाळले की नितीनला वाटलं पाल पडली.

पण पुढे लिहिलं होतं, "तात्या विकत नाहीत. बदली करतात."

ही बदली म्हणजे लग्नांत, जत्रांत लाऊडस्पीकर लावणाऱ्यांची जुनी रीत. रेकॉर्डच्या बदल्यात रेकॉर्ड. दोन्हींच्या दोन्ही बाजू दोघांनी समोरासमोर बसून पूर्ण ऐकायच्या, वाजत असताना कुणी बोलायचं नाही, आणि एकदा 'व्हय' म्हटलं की मागे फिरायचं नाही. पैशाचा विषय काढलात तर चहासुद्धा मिळत नाही, असं प्राजक्तानं बजावलं होतं. म्हणून मी लावण्या, नाट्यगीतं, सिनेमाची गाणी अशा चाळीसेक रेकॉर्ड्सची पेटी भरली आणि जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही पुणं सोडलं.

खंबाटकी ओलांडून नऊच्या आत साताऱ्यात होतो. मिसळ ऐंशी रुपये, झणझणीत, जादा रस्सा न मागता येतो. नाकातोंडातून पाणी काढत एका भंगारवाल्याकडे गेलो, कारण रेकॉर्डवाल्या माणसाला भंगाराचं दुकान दिसलं की पाय आपोआप वळतात. पत्र्याखाली अकरा रेकॉर्ड्सचा गठ्ठा सापडला. मी एकेक उलटून बघायला लागले तसा दुकानदार वैतागला. "वैनी, वांगी हायती व्हय ती? न्या की समदा गठ्ठा!" नेला. त्यातल्या दहा अगदीच टाकाऊ निघाल्या. अकरावी धनगरी ओव्यांची छोटी तबकडी होती, लेबलवर पिवळ्या ऑइलपेंटचा हा एवढा डाग.

मुक्काम मेढ्याच्या अलीकडे एका शेतावरच्या घरात केला. दोघांचे, दोन जेवणं धरून, चोवीसशे रुपये. समोर डोंगर, मागे स्ट्रॉबेरीचे वाफे, आणि रात्री अशी थंडी की गोधडीबाहेर नाक काढवत नाही. आम्ही दुपारीच पोचलो होतो, म्हणून मी अंगणात परात मांडून ओव्यांची रेकॉर्ड धुवायला घेतली. घरच्या सुनंदावहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"आवं, ताटं घासल्यागत काय घासताय ते?"

पिवळा डाग मात्र पाण्यानं हलेना. मी नेलपॉलिश काढायचं औषध आणि कापूस घेऊन तासभर बसले.

"राहू दे ना," नितीन म्हणाला. "गाणं ऐकायचंय की लेबल?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. आम्हा संग्राहकांना लेबल बाळाच्या गालासारखं स्वच्छ लागतं. शेवटी कागदाला इजा न होता रंगाचा ठिपकासुद्धा उरला नाही, तेव्हा मला कोण अभिमान वाटला! मग सेलवरच्या प्लेअरवर लावून बघितली, तर बिरोबाचं नाव आलं की सुई टुणकन उडी मारत होती. खोटा माल. पेटीत सगळ्यात खाली सारली.

रविवारी कऱ्हाड, पेठ नाका करत सांगली. जानेवारीत जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवा, कारण उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याचे मालक असतात आणि त्यांच्यावरची गाणी ऐकत मागून सरकण्याला इलाज नसतो. सांगलीत भडंग घ्या. आम्ही दोन किलो घेतलं, त्यातलं अर्धा किलो मिरजेपर्यंतच संपलं. पुढे ऊस मागे पडतो, माळ उघडा होतो, मधेच द्राक्षबागांचे हिरवे पट्टे लागतात आणि मेंढरांच्या कळपासाठी गाडी थांबवावी लागते. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर मालकाच्या रंगाचा पट्टा होता.

तात्यांचं घर गावाबाहेर, दारात मेंढरांचा वाडा. तात्या ऐंशीच्या घरातले, ताठ, लाल पटका, आणि ओट्यावर त्यांचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन पुसून सज्ज. प्राजक्तानं ओळख करून दिली आणि सूनबाईंनी वाटीत हुलग्याचं माडगं, म्हणजे वाफाळती पातळ पेज, आणून ठेवलं.

"बसा ताई. पावनं, तुमी बी बसा. आदी ऐका."

त्यांनी माझी रेकॉर्ड काढली. माझीच म्हणत होते मी मनात! अशा लहान अमेरिकन रेकॉर्डचं मधलं भोक मोठं असतं, ते आपल्या मशीनवर बसत नाही. तात्यांनी जुन्या स्लिपरच्या रबराची गोल चकती कापून त्यात बसवली होती. सुई टेकली आणि ती बाई गायला लागली. बारा वर्षं, आणि त्या माळावर! मला रडूच आलं. मेंढरं शांतपणे रवंथ करत होती.

"तुमच्याकडे आली कशी ही?" दोन्ही बाजू संपल्यावर मी विचारलं.

"गावातला एक फौजी आफ्रिकेत ड्यूटीला हुता, त्यानं आनली. लय कामाचं गानं. पंगतीला लावलं की वाढपी पळाय लागायचे. पन्नास मानसं जादा जेवून उठायची."

मग माझी पाळी. मी एकाहून एक सरस रेकॉर्ड्स काढल्या. तात्या प्रत्येकीच्या दोन्ही बाजू डोळे मिटून ऐकत आणि मान हलवत. "झ्याक हाय. पर माज्याकडं हाय." "ही बाई नाकात गाती." तीन वाजले, सात रेकॉर्ड्स झाल्या, आणि रात्रीपर्यंत पुणं गाठायचं होतं. रिकाम्या हातानं परतायचं या विचारानं माझं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात तिसऱ्या वाटीवर आलेल्या नितीननं पेटीच्या तळाशी हात घातला. "ही राहिली की."

मी डोळे वटारले. बदलीत खोटा माल देणं म्हणजे समोरच्याचा अपमान. पण तात्यांनी ती घेऊन लावलीसुद्धा.

बिरोबाचं नाव आलं, सुई उडाली, आणि तात्या उठून उभे राहिले. रीत मोडायची नाही म्हणून बोलले नाहीत. उभ्यानंच पहिली बाजू ऐकली, उभ्यानंच दुसरी. मग तबकडी उन्हात धरून लेबलवरून बोट फिरवलं.

"हितं पिवळा अंगठा हुता."

"आमच्या दादाचा," तात्या म्हणाले. "थोरला भाऊ. त्याला सही येत न्हवती, मंग मेंढराला लावायचा तसा रंग लावायचा. एका लग्नात बोकड मशीनवर चढलं, तवापास्नं ही सुई उडती. पुढं वाटणीवरनं भांडलो आमी. निम्म्या रेकॉर्डी घिऊन त्यो साताऱ्याला लेकाकडं गेला. बोललो न्हाई पुन्ना. आता गेला बी त्यो."

मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. नितीन माझ्याकडे बघत नव्हता, मुद्दाम.

"तात्या, तो अंगठा मी पुसला. डाग समजून."

तात्या खाली बसले. मला तर जमिनीत जावंसं वाटत होतं. "ही तुम्ही ठेवा," मी म्हटलं. "बदल्यात मला काही नको." आणि खरंच नको होतं. ती निळी तबकडी समोर असून तिच्याकडे बघायचीही लाज वाटत होती.

त्यावर मात्र तात्या उसळले. "आसं कसं? फुकट घ्याय मी काय भिकारी हाय? रेकॉर्ड आली की रेकॉर्ड जाती. सूनबाई, मेंढराचा रंग आन गं!"

लाल रंगाचा डबा आला. तात्यांनी अंगठा बुडवला आणि माझ्या बारा वर्षांच्या निळ्या लेबलवर दाबला. संग्राहकांच्या भाषेत ती रेकॉर्ड त्या क्षणी निम्म्यानं उतरली.

"आता कुटं बी गेली तरी कुनाची ते कळंल," तात्या म्हणाले. "म्हना व्हय."

"व्हय," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर रंग वाळेपर्यंत ती तबकडी मी मांडीवर धरून बसले. रात्री दहाला घरी. दोन दिवस, पाचशेच्या वर किलोमीटर, आणि जी बाई बारा वर्षं फक्त लेबलं बघत आली तिला चांगली चपराक. आता माझ्याकडच्या रेकॉर्ड्सवरच्या पेनाच्या सह्या, शाळेचे शिक्के, कुणाच्या 'प्रिय'ला लिहिलेल्या ओळी मी वाचायला लागलेय. खूप माणसं राहतात माझ्या कपाटात, आणि मला पत्ताच नव्हता.

हा लेख लिहायला म्हणून सोमवारी कॅमेऱ्यातले फोटो उतरवले. धुण्याआधी प्रत्येक रेकॉर्डचा फोटो काढायची माझी सवय, हात आपोआप करतो, मी त्याच्याकडे बघतही नाही. मेढ्याच्या अंगणातला फोटो निघाला. मोठा करून पाहिला. पिवळ्या रंगात एकेक रेघ स्पष्ट होती, गोल गोल फिरत आत गेलेली. मी ताबडतोब प्राजक्ताला पाठवला.

तिचं उत्तर दुपारी आलं. "तात्यांनी फोटो अंगठ्याएवढा करायला लावला. मग त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून किती तरी वेळ बसले. म्हणाले, दादाचाच हाय. माज्यापरीस रुंद हुता त्यो."