तीन बॅकअप आणि सरांनी मला दिलेले श्रेय

आदरणीय सर्जेराव सरांना मी प्रथम पाहिले ते जालन्यातल्या आमच्या बियाणे संशोधन केंद्रात, मुलाखतीच्या दिवशी; संगणक विभाग त्यांच्याकडे होता. मी वाटूर गावची. संगणक वडिलांनी घरीच शिकवला, हे मी उभ्याउभ्याच सांगून टाकले. सर म्हणाले, "घरी शिकलेलं पक्कं असतंय. बसा ताई." त्या दिवसापासून मी त्यांचा आदर करते. हेवा कधीपासून करते, तेही मला नक्की सांगता येते. सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात हे लिहावे का, असा आठवडाभर विचार केला. पण वगळले तर लेख खोटा होईल.

प्रयोगशाळा, गोदाम आणि शेतीविभाग यांच्या नोंदींचा बॅकअप जेवणाच्या सुट्टीत, एकाच वेळी, एकाच सामायिक सर्व्हरवर जात असे. ही मांडणी माझी. उतरवून घेताना कानामात्राही बदलायची नाही, ही वडिलांची शिकवण. मी प्रयोगशाळेची सेटिंग इतर दोन यंत्रांवर जशीच्या तशी उतरवली. प्रत तयार होतानाच्या तात्पुरत्या फाइलचे नावसुद्धा तेच ठेवले. मग एकेक यंत्र वेगळे चालवून तपासले. तिन्ही प्रती अचूक निघाल्या.

पुढे प्रयोगशाळेची डिस्क बंद पडली. पेरणी तोंडावर आलेली, आणि माझी नोकरी कायम करायची की नाही हे त्याच महिन्यात ठरणार होते. बॅकअप उघडला तर प्रयोगशाळेच्या सुनंदाबाई ओरडल्या, "अगं बाई, माझ्या उगवणीच्या नोंदीत गोदामातली पोती कुठून आली?"

तीन दिवस मी एकेक यंत्र तपासत होते. प्रत्येक वेळी सगळे बरोबर. मग सर आले, माझी वही चाळली आणि म्हणाले, "तिन्ही एकदम चालवून पाह्यले का?"

"न्हाई, सर."

"मंग आता चालवा."

पाच मिनिटांत दोष समोर आला: तिन्ही यंत्रे एकाच नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहीत होती. सर हसले. "बघा, तिघं एकाच ताटात वाढून राह्यले. ताट कोणाचं, कोणालाच ठावं न्हाई."

प्रत्येकाला वेगळे फोल्डर, फाइलला वेगळे नाव, वेगळी वेळ. उपाय एवढाच. त्या पाच मिनिटांचा मला हेवा वाटला. त्या दुपारी मी डबा उघडला नाही.

गेलेल्या नोंदी सुनंदाबाईंच्या कागदी वह्यांवरून पुन्हा भरल्या. त्यासाठी सर दोन रविवार माझ्याशेजारी बसून आकडे वाचत होते. चूक कोणाची, हा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. संचालकांनी विचारले तेव्हा म्हणाले, "दोष ताईंनीच शोधला, साहेब. मी नुसता बाजूला उभा होतो." मी गप्प राहिले. नोकरी कायम झाली.

आज येथे लिहून देते: चूक माझी होती, ती शोधली सरांनी.

मागच्या महिन्यात सुनंदाबाईंनी सुचवलेली एक सुधारणा मी संचालकांना सांगितली. नाव त्यांचेच घेतले, पण घेण्यापूर्वी क्षणभर थांबले. सरांना तो क्षण लागत नाही. आता मला हेवा वाटतो तो याचा.

सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य आणि खूप मोठे आयुष्य लाभो. या इच्छेत माझा स्वार्थ आहे. मला त्यांना गाठायचे आहे, आणि मी एकेक तपासत, सावकाश जाणारी आहे.